रुईच्या नावाचा धवला

माझ्या पहिल्या लग्नात मी झोपले होते. हसू नका. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला मामाच्या मांडीवर बसवून सकाळपासून गाणी ऐकवली तर ती दुसरं काय करणार? आय सांगायची, राही आतेनं धवला म्हणायला घेतला आणि माझी मान कलली, ती जेवणाची पंगत बसली तेव्हाच सरळ झाली. नवऱ्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही. मी नांदायला जायच्या आधीच तो तापानं गेला. म्हणजे लग्न झालं तेव्हा मी झोपेत, आणि रांडावले तेव्हा सागरगोटे खेळत होते. दोन्ही वेळेला मला कुणी विचारलं नाही.

पण मला सांगायचं आहे राही आतेचं. आपलंच घोडं पुढं दामटायची माझी खोड जुनी आहे. आतेनं त्यावरून मला कितीदा फैलावर घेतलं असेल.

राही आते माझ्या बापाची लांबची बहीण. बदलापूरच्या पलीकडं बारवी नदी डोंगरातून बाहेर पडते, तिथं घळीच्या तोंडाशी आमची कातळवाडी. थोडीशी घरं, पावसाळ्यात भात, बाकीचे दिवस लाकूडफाटा. आते त्या सगळ्या मुलखाची धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी लागत नाही, धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवला गाते. आधी देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, डोंगरातल्या, नदीतल्या, शिवेवरच्या. मग नवरा-नवरीची नावं गाण्यात घेते. ती नावं एकदा गायली की लग्न लागलं. तिच्याजवळ पोथी नाही, पंचांग नाही. जे काय आहे ते गळ्यात.

बाई दिसायला मूठभर. दात मशेरीनं काळे, नाकावर कायम राग, आणि गळा असा की मांडवाबाहेर बांधलेले बैल मान वळवून बघायचे. धवला एकदा सुरू झाला की मध्ये थांबवायचा नाही, हा नेम. थांबवला तर बोलावलेले देव अर्ध्या वाटेत ताटकळतात. त्यामुळं मांडवात कुणी गप्पा मारायला लागलं की तिला दटावता यायचं नाही. मग ती कनवटीची सुपारी काढायची आणि गाता गाता नेम धरून फेकून मारायची. नेम चुकलेला मी पाहिला नाही.

तिचा नवरा नाथाआजा ठार बहिरा. दगडाच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर होता, तिथं कान गेले. सगळा मुलूख तिचा गळा ऐकायचा आणि घरच्या धन्याला एक शब्द कळायचा नाही. तरी प्रत्येक लग्नाला तो तिच्याबरोबर जायचा, मांडवाच्या मेढीला टेकून बसायचा आणि तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. नाथाआजा तिचा दुसरा नवरा, पाटाचा. तोही आधीची बायको गेलेला, रंडका होता. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचा विचार करत नव्हतं. मीही नाही.

आता घळीचं सांगते. पावसाळ्यात तिथं पाय ठेवायची कुणाची टाप नाही, पण माघ-फाल्गुनात नदी घोट्याएवढी होते आणि वाट मोकळी पडते. दोन्ही अंगांना काळे कडे, मध्ये सपाट कातळ, त्यात पाण्यानं कोरलेले रांजण, वर मधाची पोळी. वाट इतकी सोपी की गाभण गायसुद्धा चालत जाईल. फक्त तिथं गुपित बोलू नये. तळाशी खोकलं तरी वरच्या गवतवाल्याला ऐकू येतं. अंबरनाथच्या कारखान्यातले बाबूलोक रविवारी डबे घेऊन घळीत फिरायला यायचे. एकदा त्यांच्यातल्या एका बाईनं आतेला पाहिलं. बाई बोलायला फार गोड, तिनं आतेच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही छान गाता असं ऐकलंय. आम्हाला म्हणून दाखवा ना."

आतेनं विचारलं, "लगीन कुणाचं हाय?"

"लग्न नाही हो. असंच, ऐकायला."

"ऐकायला धवला नसतो, बाय. देवांना बोलवायचं आणि लगीन नाय म्हणून परत धाडायचं? तुझ्या लेकीचं ठरलं की सांग, चालत येईन." असं म्हणून आतेनं लाडू मात्र खाल्ला. त्या बाईला राग आला नाही, उलट पुढं कधी आली की आतेची चौकशी करायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझं देऊशी ठरलं. देऊ घळीच्या वरच्या टोकाच्या खैरपाड्याचा. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या लाकडाच्या वखारीत तो कामाला होता आणि मी तिथं मोळी विकायला जायची. माझी मोळी तो वजनाला कधी कमी धरायचा नाही. बोलताना मध्येच हिंदी घुसडायचा, 'अरे बाबा, फिकर काय को' असलं काहीतरी, आणि कॅम्पातल्या शिंप्यानं शिवलेला पट्ट्यांचा सदरा घालून मिरवायचा. मला तो आवडायचा. यात लाजण्यासारखं काय आहे, आवडायचाच.

पण मी विधवा. विधवेचं लग्न होत नाही, पाट लागतो. पाटाला मांडव नाही, हळद नाही, धवला नाही. अंधार पडल्यावर चार माणसं बसतात, एक लुगडं देतात, झालं. सवाशिणी त्या दिवशी तोंडसुद्धा बघत नाहीत. आणि देऊचं हे पहिलंच लग्न होतं. कोऱ्या पोराला विधवेशी पाट लावायचा असेल तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, म्हणजे त्याची पहिली बायको रुई आणि दुसरी मी. रुईचं लग्न मात्र रीतसर, उजेडी, हळद लावून. तिला धवला गायचा.

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तडक आतेच्या दारात गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती, नाथाआजा बाजूला दोरी वळत होता.

"आते, त्या झुडपाला गाणार आणि मला नाय?"

"पाटाला धवला नाय," ती मान वर न करता म्हणाली.

"पहिल्या वेळेला मी झोपले होते. माझ्या लग्नाचा धवला मी ऐकलाच नाय. आता परत माझं लगीन होतंय आणि परत मला काय नाय?"

"आजवर कुणी गायला नाय."

"तू गा की मग."

"रीत माझ्या घरची नाय, चंद्रे. वाटेल तशी वळवाया ती काय दोरी हाय?" तिचा आवाज चढला. "जा, कामं कर जा."

"तुला काय कळणार म्हणा माझं," मी म्हणाले आणि निघून आले.

घरी आले तर आय चुलीपाशी. तिला सगळं सांगितलं, रडले, आदळआपट केली. आय म्हणाली, "तिला नाय कळणार तर कुणाला कळंल गो? तिचाबी पाटच." मी ते कानामागं टाकलं. रागाच्या भरात माणसाला स्वतःखेरीज कुणी दिसत नाही, आणि मी तर बिनरागाचीसुद्धा तशीच. आतेशी मी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर समोर आली तर हंडा उचलून चालू पडायची.

रुईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला. टोपली धरायला कुणी नाही, तर चंद्रीनं यावं. माझा विश्वासच बसेना. सवतीच्या लग्नात मला करवली करते ही म्हातारी? मी जाणार नव्हते. पण आय म्हणाली, "धवलारणीनं बोलावलं की नाय म्हणायचं नसतं." म्हणून गेले, तोंड फुगवून.

रुईचं झाड होतं घळीच्या वरच्या तोंडाशी, दोन वाड्यांच्या शिवेवर. धवला आतेच्या अंगणातून सुरू करायचा आणि देवांना बोलावत बोलावत घळीतून झाडापर्यंत चालत जायचं, अशी रीत. आम्ही पाच माणसं. नवरदेव म्हणून देऊ, डोक्याला मुंडावळ्या आणि अंगात तोच पट्ट्यांचा सदरा. साक्षीला वाडीचा कारभारी पदूबाबा, हातात काठी. आते, तिच्यामागं नाथाआजा. आणि सगळ्यांच्या शेवटी मी, डोक्यावर हळद-तांदळाची टोपली घेऊन.

ऊन चढलं नव्हतं. पाणी गार, कातळ गुळगुळीत, कुणाच्या पायाचा आवाजसुद्धा घुमत होता. आते गायला लागली आणि माझा राग होता तिथंच राहिला, पण अंगावर काटा आला. आधी तिनं कोंडेश्वराला बोलावलं, मग डोंगरातल्या वाघोबाला, मग नदीलाच, 'बाय बारवी, अंगण सारव' म्हणून. कड्यांवर तो आवाज आपटून परत यायचा, जशा दोघी-तिघी गातायत. वर गवत कापणाऱ्या बायांनी विळे थांबवले. एकजण वाकून ओरडली, "कुणाचं लगीन गो?" आतेला उत्तर देता येत नव्हतं, ती गात होती. पदूबाबानं वर हात करून खूण केली, झाडाचं, झाडाचं म्हणून.

निम्म्या वाटेत दोन मोठे रांजण आहेत. तिथं आतेनं गाता गाताच मागं वळून मला बोटानं बोलावलं. मला वाटलं हळद हवी असेल. मी पुढं गेले तर तिनं माझं मनगट धरलं, मला देऊच्या डाव्या हाताला उभं केलं आणि पाठीत एक गुद्दा घातला, चाल म्हणून. पदूबाबाला वाटलं, टोपली जड आहे, नजरेसमोर ठेवतेय. मलाही तसंच वाटलं. देऊनं टोपलीला हात लावला आणि आम्ही दोघं मिळून ती धरून चालायला लागलो.

धवल्यात नावं यायची जागा आली. नवऱ्याचं नाव आलं.

'नवरा आमचा देऊ गो, उभा पाण्याकाठी,
नवरी आमची चंद्री गो, चंद्री त्याच्यासाठी.'

पदूबाबा मागून "अगो, रुई, रुई" म्हणायला लागला, पण धवला मध्येच थांबवायचा नाही, हे त्यालाही ठाऊक. तो बिचारा नुसती काठी हलवत राहिला. आतेनं एक सुपारी काढली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. मग तिनं माझं नाव परत घेतलं. आणखी एकदा घेतलं. कड्यांनी ते घेतलं, वरच्या गवतवाल्या बायांनी घेतलं. 'चंद्री, चंद्री' असं त्या घळीत इतक्या बाजूंनी येत होतं की कुठं बघावं कळेना. मी जागी होते. एकेक शब्द ऐकत होते. रडत होते आणि चालत होते. देऊ माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "रो मत ना, टोपली पडेल," तेव्हा हसूही आलं.

झाडापाशी पोहोचलो तेव्हा खैरपाड्यातली माणसं वरून उतरून आली होती. आतेनं टोपलीतले तांदूळ आमच्या दोघांवर टाकले, हळद लावली, आणि रुईला नुसतं एक बोट टेकवलं. धवला संपला. पदूबाबा पुढं आला, लालबुंद.

"राहीबाय, काय केलंस हे? रुईचं नाव कुठं गेलं?"

आतेनं पदरानं तोंड पुसलं. "जीभ घसरली रं, पदू. म्हातारी झाले."

"तीनदा घसरली?"

"घसरगुंडीच हाय ना ही वाट."

"मग परत गा. रुईचं नाव घेऊन गा."

"एका नवऱ्यावर एका दिवशी दोन धवले? तसं मला कुणी शिकवलं नाय. तुला येत असंल तर तू गा."

पदूबाबानं काठी आपटली. मग त्याला आठवलं. "बरं, पाट तरी उद्या लावून टाकू. म्हणजे रीत पुरी होईल."

"पाट कुणाला लागतो?" आतेनं विचारलं.

"विधवेला."

"ही विधवा कुठली? तिचा नवरा हा समोर उभा हाय, पट्ट्यांचा सदरा घालून. जित्या नवऱ्यावर पाट लावाया निघालास, कारभारी हायस ना तू?"

सगळे हसायला लागले. धवल्यातलं बरोबर काय आणि चूक काय, हे विचारायचं झालं तर त्या मुलखात एकाच माणसाला विचारता येत होतं, आणि ते माणूस समोर मशेरी काढून बसलं होतं. तेवढ्यात देऊची आय भाकरीचा तुकडा घेऊन आली, आमच्या दोघांवरून ओवाळून टाकला आणि म्हणाली, "चल घरात, सूनबाय." पदूबाबानं हात टेकले. टोपलीत उरलेले तांदूळ घेऊन त्यानं आमच्यावर टाकले. तो काही वाईट माणूस नव्हता, वाडीला जाब त्याला द्यावा लागायचा एवढंच.

वाडीनं जाब घेतलाच, पण तो आतेकडून. त्या मोसमापासून काही घरांनी तिला बोलावलं नाही. ज्या धवलारणीची जीभ घसरते तिच्या तोंडून आमच्या लेकीचं नाव नको, म्हणाले आणि कुळगावहून दुसरी आणली. आते दारात बसून तांदूळ निवडत राहायची. नाथाआजा आपला लग्नाचा दिवस आला की धोतर नेसून तयार, आणि मग तिनं मान हलवली की परत सोडून ठेवायचा. मला फार वाईट वाटायचं. मी म्हणाले, "आते, माझ्यापायी झालं हे." तर म्हणते कशी, "तुझ्यापायी? तू काय एवढी मोठी लागून गेलीस. जीभ माझी, घसरली माझी." दोन वर्षांनी लोक विसरले आणि परत बोलावायला लागले.

धवला शिकायचा म्हणजे मांडवात धवलारणीच्या मागं बसून म्हणायचा, घरी सराव नाही. मी तिच्या मागं बसायला लागले. का, ते सांगता येणार नाही. ऐकलेला एकेक शब्द अंगातच राहिला होता म्हणा. चुकले की सुपारी बसायची. पाच-सहा मोसम असे गेले आणि आतेचा गळा बसला तो बसलाच. मग मी पुढं आणि ती मागं, असं व्हायला लागलं. लोक मला चंद्री धवलारीण म्हणायला लागले. विधवा म्हणून जिचं तोंड बघणार नव्हते, तिला आता लेकीबाळींच्या लग्नात पहिला पाट बसायला.

बासष्ट सालच्या फाल्गुनात खैरपाड्यावरच्या एका घरी लग्न होतं. मी आदल्या रात्री माहेरी कातळवाडीत होते, तिथून टोपली डोक्यावर घेऊन घळीतून निघाले. आतेची काही गरज नव्हती, तरी ती आली, आणि ती आली म्हणून नाथाआजाही आला, काठी टेकत. दोघंही थकलेली. ती माझ्यामागं चालत होती आणि तो तिच्यामागं, नेहमीसारखा. त्या दोन रांजणांपाशी दम खायला थांबलो. नाथाआजानं ओंजळीत पाणी आणलं, निम्मं वाटेत सांडलं, उरलेलं तिला पाजलं. मी बघत होते. इतकी वर्षं बघत होते, पण आयचं ते बोलणं मला तेव्हा आठवलं. तिचाबी पाटच. ह्या बाईनं अख्ख्या मुलखाची नावं गायली होती आणि तिचं नाव ह्या माणसाबरोबर कुणी गायलं नव्हतं. मला तर तिनं दोन्ही लग्नांत गायलं.

"आते, तू पुढं हो," मी म्हणाले. "आज्यालाबी घे बाजूला. उजव्या हाताला."

"कशाला? वाट चुकशील काय तू?"

"हो तर खरी पुढं."

ती कुरकुरत पुढं झाली. मी टोपली सरळ केली आणि कोंडेश्वराला बोलावलं.

आते गर्रकन वळली. "चंद्रे, गप. मांडवात नाय आपण. वेडी झालीस काय?" पण सुरू झालेला धवला थांबवायचा नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं. मी वाघोबाला बोलावलं, बारवीला बोलावलं. तिनं कनवटीची सुपारी काढून मला मारली. पहिल्यांदाच तिचा नेम चुकला. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि चालायला लागली. नावांची जागा आली तशी मी नावं घेतली, नवरा नाथा, नवरी राही. कड्यांनी ती परत दिली.

नाथाआजानं वळून माझं हलतं तोंड पाहिलं. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. तो ओरडून म्हणाला, "काय गाती गो ती? कुणाचं लगीन हाय?"

आतेनं त्याच्या कानाला तोंड लावलं. गळा बसलेला होता तिचा, पण त्या घळीत काही लपत नाही.

"आपलं," ती म्हणाली.

नाथाआजानं काठी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात तिच्यापुढं धरला. डोळे पुसायला मला हात नव्हता, टोपली होती. धवला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून मी गात त्यांच्यामागं चालत राहिले.